गोळी कुठली, हा प्रश्न नंतर

स्वसंरक्षणासाठी पिस्तुलात कुठली गोळी भरावी, हा प्रश्न अमेरिकेत विचारलात तर समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो आणि दोन तास उठत नाही. वजन किती ग्रेन, नाक पोकळ की गोल, जॅकेट तांब्याचं की नुसतं शिसं, जिलेटिनच्या ठोकळ्यात किती इंच घुसते, जीन्सचे चार थर मधे ठेवले तर काय होतं... लोक यावर पीएचडी केल्यासारखे बोलतात. हाच प्रश्न इथे कामोठ्यात विचारला तर उत्तर तीन शब्दांत संपतं: जी मिळेल ती.

आणि माझं म्हणणं असं, की ते तीन शब्द ऐकून नाराज व्हायचं काहीच कारण नाही. नाराज व्हायचं असेल तर दुसऱ्या गोष्टीवर व्हा. ती पुढे सांगतो.

आधी माझी भूमिका स्पष्ट करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोण टिकोजीराव. मी कोडिंग करून पोट भरणारा माणूस आहे. माझ्याकडे बंदुकीचा परवाना नाही आणि मला तो नकोही आहे. पण शनिवारी सकाळी दहा मीटरवर एअर पिस्तूल मारायला जातो, आणि इंजिनिअर असल्यामुळे कुठलंही यंत्र हातात आलं की ते उघडून बघायची खाज आहे. एवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

विषय डोक्यात यायचं कारण माझ्या टीममधला एक मित्र. मूळचा पनवेल तालुक्यातलाच. घरची जमीन विमानतळाच्या पट्ट्यात गेली, पैसा आला, आणि पैशाच्या मागून भाऊबंदकी आली. वडिलांना दोन-तीनदा फोनवर धमक्या आल्या. आता घरात चर्चा अशी की वडिलांच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. कँटीनमध्ये त्याने मला विचारलं, "तू ते नेमबाजीचं काहीतरी करतोस ना? मग सांग, कुठलं घ्यायचं आणि गोळी कुठली टाकायची?"

म्हणजे बघा, पहिलाच प्रश्न गोळीचा. बरं, प्रश्न चुकीचा नाही, फक्त त्याचा नंबर चौथा-पाचवा आहे. तरी त्याच्याच क्रमाने जाऊ.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या हातातल्या बंदुकीचं विश्व म्हणजे मुख्यतः ३२ बोअर. लष्कर आणि पोलीस वापरतात ती ९ मिलीमीटर 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडते, साध्या परवान्यावर ती मिळत नाही. मग उरतात दोन काडतुसं. रिव्हॉल्व्हरसाठी '३२ स्मिथ अँड वेसन लाँग' आणि पिस्तुलासाठी '३२ एसीपी', म्हणजेच ७.६५ ब्राउनिंग. पहिलं १८९६ सालचं, दुसरं १८९९ सालचं. हो, टायपो नाही. आपण दर दोन वर्षांनी फोन बदलतो आणि जीव वाचवायला जे काडतूस वापरतो ते लोकमान्य टिळक ऐन भरात होते तेव्हाचं आहे :-)

आकड्यांत सांगतो. स्मिथ अँड वेसन लाँगची गोळी साधारण सव्वासहा ग्रॅमची, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आत-बाहेर. अकरावीचं फिजिक्स आठवा, एक-द्वितीयांश एम व्ही वर्ग. उत्तर येतं दीडशे ज्यूलच्या आसपास. एसीपीची गोळी हलकी पण वेगवान, ती थोडी वर जाते, पावणेदोनशे-दोनशे. आणि ९ मिलीमीटर? साडेचारशे ते पाचशे. म्हणजे आपल्याकडे जे मिळतं ते जगाच्या हिशोबात एक तृतीयांश. हा आकडा बघितला की परवानाधारकांचा चेहरा पडतो, आणि मग 'बाहेरून काहीतरी पॉवरफुल आणता येईल का' अशी कुजबुज सुरू होते.

आता गंमत ऐका. ज्याला हे लोक 'आजोबांचं काडतूस' म्हणून हिणवतात, त्याच ३२ स्मिथ अँड वेसन लाँगने जगातले उत्तमोत्तम नेमबाज स्पर्धा खेळतात. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात ते वर्षानुवर्षं आवडीचं काडतूस आहे (तिथे गोळीचं नाक सपाट असतं, म्हणजे कागदात भोक स्वच्छ पडतं). आपल्या जसपाल राणाने २००६च्या दोहा एशियाडमध्ये याच सेंटर फायर प्रकारात ६०० पैकी ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. काडतूस अचूक आहे. झटका कमी आहे. नवख्या हाताला, साठीच्या हाताला सोसेल असं आहे. प्रश्न चाप ओढणाऱ्याचा आहे.

पोकळ नाकाच्या गोळीबद्दलही दोन शब्द, कारण मित्राचा पुढचा प्रश्न तोच होता. शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळीचं जगप्रसिद्ध नाव मुळात आपल्या देशातलं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रायफलच्या गोळीच्या टोकावरचं जॅकेट काढून टाकलं, आतलं मऊ शिसं उघडं ठेवलं. त्यावरून 'दमदम गोळी' हा शब्द जगभर गेला. तिने होणाऱ्या जखमा इतक्या भयंकर ठरल्या की १८९९च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायच्या नाहीत असा जाहीरनामा निघाला. तो जाहीरनामा युद्धापुरता होता. म्हणून गंमत अशी की अनेक देशांत सैनिकाला जी गोळी वर्ज्य, ती पोलिसाला आणि नागरिकाला चालते.

का चालते? कारण शहरात गोळी माणसाला भोकसून पलीकडे गेली तर पलीकडेही माणूसच असतो. फुलणारी गोळी आतच थांबायची शक्यता जास्त. अमेरिकेत यावर जो अभ्यास सुरू झाला त्याचं मूळ ११ एप्रिल १९८६ला मायामीत झालेल्या चकमकीत आहे. एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एका गुन्हेगाराला सुरुवातीलाच लागलेली ९ मिलीमीटरची फुलणारी गोळी हृदयाच्या जेमतेम अलीकडे थांबली, आणि त्यानंतरही तो लढत राहिला. त्यावरून एफबीआयने चाचणी ठरवली. जिलेटिनमध्ये गोळी किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच गेली पाहिजे. मग पंचवीस-तीस वर्षं मोठ्या गोळ्यांचे प्रयोग करून, २०१४-१५च्या सुमारास ती संस्था पुन्हा ९ मिलीमीटरवर आली. कारण काय दिलं? नवीन ९ मिलीमीटर पुरेशी खोल जाते, आणि तिने बहुतेक एजंट जास्त वेगात, जास्त अचूक मारतात. एवढं सगळं करून गाडी आली कुठे, तर नेमावर!

आपली ३२ बोअरची गोल नाकाची संथ गोळी फुलत नाही. त्यामुळे ती खोल मात्र व्यवस्थित जाते. म्हणजे 'पुरेशी आत जाईल का' ही काळजी सोडून द्या. काळजी करायची ती चुकलेल्या गोळीची. सेक्टरातल्या आपल्या बिल्डिंगी आठवा. विटांची भिंत ही गोळी अडवेल. पण फ्लश डोअर? बाल्कनीची स्लायडिंग काच? खाली पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं? दीडशे ज्यूल पिस्तूलवाल्यांच्या जगात कमी असतील, पण पार्किंगमधल्या पोरासाठी भरपूर आहेत.

हे सगळं सांगितल्यावर मित्र म्हणाला, "म्हणजे चॉइस नाहीच?" चॉइस नाही असं नाही, फक्त तो गोळीच्या नाकाचा नाही. काडतूस ताजं आहे की जुनं, कोरडं आहे की दमट, हा खरा चॉइस आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही.

इथे थोडा रेंगाळतो, कारण हा भाग मला फार आवडतो. आपल्याकडे काडतुसं सरकारी कारखान्यांतून येतात, आणि त्यातला एक नामांकित कारखाना आपल्या पुण्याजवळ खडकीला आहे, १८६९ सालचा. काडतुसाच्या बुडावर इंग्रजीत 'के एफ' ठसा दिसला की समजायचं, खडकीचा माल. जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा मोठा कारखाना. १ ऑक्टोबर २०२१ला जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेले, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे.

तर काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळी नळी, आत दारू, पुढे गोळी, मागे छोटीशी टोपी म्हणजे प्रायमर. हॅमर टोपीवर आपटतो, ठिणगी, दारू पेटते, बाकी तुम्हाला माहीत आहे. यातलं सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे टोपी आणि दारू, आणि दोघांचा शत्रू म्हणजे दमटपणा. आता जुलैतलं कामोठं डोळ्यासमोर आणा. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी येते, बाहेर ठेवलेलं बिस्कीट तासाभरात मऊ पडतं. त्याच कपाटात वडिलांनी सहा काडतुसं चामड्याच्या खिशात घालून ठेवलेली असतात, आठ-आठ वर्षं! चामडं कमावताना वापरलेली रसायनं पितळेवर हिरवा थर चढवतात. कुणी हौशी माणूस त्यावर फुसफुस करून गंज काढायचं तेल मारतो. ते तेल टोपीतून आत झिरपलं की काडतुसाचं शोभेचं खेळणं झालं.

उपाय अगदी किराणा दुकानातला आहे. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या (बुटांच्या खोक्यात येतात त्याच), चामड्यात कधीच नाही, आणि दर वर्षी जुनी काडतुसं सरावात मारून टाकायची, नवीन ठेवायची. घरातल्या तांदळाला जो नियम, तोच.

आणि आता त्या दुसऱ्या गोष्टीवर येतो. 'सरावात मारून टाकायची', पण कुठे?

परवान्याच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील. दुकानदार प्रत्येक खरेदीची त्यात नोंद करतो. समजा, तुमच्या पुस्तकात वर्षाला पन्नास लिहिलंय. मी शनिवारी एअर पिस्तूलचा एक पूर्ण सामना मारतो तेव्हा ७५ मिनिटांत ६० छर्रे जातात. म्हणजे परवानाधारकाचा वर्षाचा कोटा माझ्या एका सकाळपेक्षा कमी! बाहेरच्या देशात असा सल्ला देतात की नवीन पिस्तुलात नवीन काडतूस घातलं की दीड-दोनशे बार अडखळल्याशिवाय निघाले पाहिजेत, मगच त्यावर जीव टाकायचा. इथे त्या एका खात्रीतच चार वर्षं जातील.

कोटा वापरायचा म्हटलं तरी जागा नाही. शेतावर जाऊन बार काढला तर गुन्हा अंगावर येऊ शकतो. २०१९च्या दुरुस्तीपासून निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याच्या जिवाला धोका आणला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. (हळदीच्या मांडवात हवेत बार काढणाऱ्या काकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) रेंज आहेत, नाही असं नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची आहे, पुण्यात बालेवाडीला आहे. आपल्या पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, आणि त्याचा मला पनवेलकर म्हणून भयंकर अभिमान आहे. पण हे सगळं खेळाडूंसाठी उभं राहिलेलं जग आहे. तिथे मुलं पदकासाठी घाम गाळतात. साठ वर्षांचे जमीनदार काका आपलं रिव्हॉल्व्हर घेऊन 'जरा दहा बार मारू द्या' म्हणत आले तर त्यांच्यासाठी तिथे लेन राखलेली नाही, आणि त्यात त्या क्लबांची चूकही नाही.

ज्या राज्याने अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत दिल्या, ज्या राज्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, त्या राज्यात नेमबाजी म्हणजे काय हे कळत नाही असं कुणी म्हणू नये. कळतं. फक्त ते ज्ञान आणि परवान्याची फाईल यांची कधी भेट होत नाही.

२०१६च्या शस्त्र नियमांनी एक चांगली गोष्ट केली. अर्जदाराला सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. हाताळणी, साठवण, गोळी झाडायचं तंत्र वगैरे. उत्तम. पण ते एकदाच, सुरुवातीला. नंतर? २०१९च्या दुरुस्तीत परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली (आणि एका माणसाकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आली). म्हणजे आता सरकार पाच वर्षांतून एकदा विचारणार, आणि तेव्हा विचारणार ते कागद. गेल्या पाच वर्षांत तुम्ही एकदा तरी चाप ओढलात का, हे कुणी विचारत नाही.

आयटीवाल्या वाचकांना यातली भीती लगेच कळेल. बॅकअप रोज रात्री होतोय, लॉग हिरवा आहे, सगळे खूश. रिस्टोअर मात्र कधीच कुणी करून बघितलेलं नाही. आणि ज्या रात्री सर्व्हर पडतो त्या रात्री कळतं की फाईल रिकामी आहे. आपल्याकडची बहुतेक स्वसंरक्षणाची रिव्हॉल्व्हरं हा असा कधीच रिस्टोअर न केलेला बॅकअप आहे.

सराव नसला तर काय होतं? व्यावसायिकांचंच उदाहरण घेऊ. न्यूयॉर्क पोलिसांवर रँड या संस्थेने २००८ला अभ्यास केला. १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या १८ गोळ्या लागल्या. समोरचा गोळीबार करत नसतानाही ३०. हे नोकरीचा भाग म्हणून नियमित रेंजवर जाणारे लोक! आणि घरचं उदाहरण म्हणजे २६/११. त्यानंतरच्या राम प्रधान समितीच्या अहवालात मुंबई पोलिसांच्या दारूगोळ्याच्या टंचाईची आणि त्यामुळे खुंटलेल्या गोळीबार सरावाची नोंद आहे. हत्यार असूनही सराव नसणं म्हणजे काय, याची किंमत या शहराने मोजलेली आहे. त्या पार्श्वभूमीवर आठ वर्षं कपाटात पडलेल्या रिव्हॉल्व्हरने काका पहाटे तीनला नेमका चोर टिपतील, ही अपेक्षा आपण कुठून आणतो?

अंतराचंही बघा. १९८३ला सॉल्ट लेक सिटीचा पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर याने घड्याळ लावून दाखवलं की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो. आमच्या इथल्या वन बीएचकेत दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत मोजा, वीस-बावीस फूट भरतील. म्हणजे दार तोडून आत आलेल्याला घरातल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात पोचायला दीड सेकंद. घरात नातवंडं असतील तर हत्यार कुलपात हवं, काडतुसं वेगळी हवीत. हे मी ठामपणे म्हणतो आणि नियमांचाही रोख तोच आहे. मग दीड सेकंदात कुलूप उघडून, काडतुसं भरून, नेम धरून... जाऊ द्या. मित्राला हा हिशोब सांगितला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

आणि कुलूप का, तर १ ऑक्टोबर २०२४ची बातमी आठवा. अभिनेता गोविंदा पहाटे घराबाहेर पडायच्या तयारीत होता, स्वतःचं परवानाधारक रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, गोळी सुटली आणि त्याच्याच पायात शिरली. लोकांनी विनोद केले. मला त्यात विनोद दिसला नाही. त्याचं रिव्हॉल्व्हर नेमकं कसं होतं त्यात मी जात नाही, पण जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत हॅमर खाली टेकलेला असताना त्याची पिन थेट काडतुसाच्या टोपीला भिडते. पडलं, हॅमरवर मार बसला, की बार. नवीन बनावटीत मधे एक पट्टी येते, चाप ओढल्याशिवाय हॅमरचा मार पिनपर्यंत पोचतच नाही. म्हणून वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर असेल तर पाचच भरा, हॅमरसमोरचं घर रिकामं ठेवा. फुकटचा उपाय आहे.

तरी परवाना मिळाला आणि ठेवायचंच ठरलं, तर माझं मत असं: इथे पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरं. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात स्लाइड मागे खेचून फुसकं काडतूस बाहेर काढावं लागतं, आणि तेवढी शुद्ध त्या वेळी राहत नाही. मात्र रिव्हॉल्व्हरचा चाप एका दमात ओढायला चार-पाच किलोचा दाब लागतो. पाऊण किलोच्या वस्तूवर पाच किलोचा दाब दिला की नळी हलणारच. ती न हलवता ओढायला शिकणं म्हणजेच सगळी नेमबाजी. हे शिकायला जिवंत काडतूस लागतच नाही. नकली काडतुसं घाला, खोलीत खरी काडतुसं नाहीत हे दोनदा तपासा, आणि भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत रोज दहा मिनिटं चाप ओढा. माशी हलता कामा नये.

दुसरा मार्ग माझा लाडका. साडेचार मिलीमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या एअर गनला परवाना लागत नाही. दहा मीटरवरच्या एअर पिस्तूलच्या कागदावर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलीमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. त्यात छर्रा घालायचा प्रयत्न महिनाभर केलात की हात, श्वास आणि चाप यांची ओळख होते. वर्षाचे पन्नास बार मग खरी काडतुसं तपासायला आणि झटक्याची सवय ठेवायला पुरतात. आणि सरावात चाप ओढला पण बार निघालाच नाही, तर नळी समोर ठेवून निदान तीस सेकंद थांबा, उशिरा पेटणारं काडतूस असतं. नुसता 'फुस्स' आवाज आला तर तिथेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यामागून दुसरी झाडली तर नळी फाटते.

२०१४ सालचं 'निर्भीक' आठवतंय? दिल्लीच्या घटनेनंतर कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून आणलेलं अर्धा किलोचं ३२ बोअर रिव्हॉल्व्हर, किंमत सव्वा लाखाच्या घरात, दागिन्यासारख्या पेटीत. टीका झाली ती किमतीवर आणि पेटीवर. मला खटकलं ते वेगळंच. सव्वा लाखात पेटी आली, पण त्यासोबत रेंजवरचे दहा तास आले नाहीत. ते दिले असते तर मी पेटीच्या मखमलीलाही नावं ठेवली नसती.

कायद्याचं एक वाक्य सांगून पुढे जातो. स्वसंरक्षणाचा हक्क आधी भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. हक्क चांगला रुंद आहे, पण कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. फोनवरच्या धमकीला पोलिसांकडे जायला वेळ असतो. जमिनीच्या वादाला तर वर्षानुवर्षं असतो.

आता माझी मागणी. कामोठं नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, इथले परवाने आयुक्त देतात. पोलिसांकडे स्वतःच्या रेंज असतात. महिन्यातला एक रविवार परवानाधारकांसाठी ठेवा, फी घ्या, वाटल्यास चांगली सणसणीत घ्या. वर्षातून निदान दोनदा हजेरी, प्रत्येक वेळी वीस बार, आणि तिथे झाडलेली काडतुसं कोट्यात धरायची नाहीत. सात मीटरवरच्या कागदावर ठरावीक गोळ्या लागल्या नाहीत तर सहा महिन्यांनी पुन्हा या. दोनदा नापास झालात तर नूतनीकरण नाही. गाडी चालवायच्या लायसन्सला आपण आठाचा आकडा काढून दाखवतो ना? तुम्ही म्हणाल, यामुळे निम्मे परवाने बंद होतील. होऊ द्या की! जो माणूस वर्षातून दोन रविवार देऊ शकत नाही त्याला ते हत्यार कमरेला मिरवायलाच हवंय. आणि मिरवायची हत्यारं कुठे जातात हे ८ फेब्रुवारी २०२४ला दहिसरला दिसलं. अभिषेक घोसाळकर यांच्यावर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचा परवाना मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता, असं पोलिसांनी सांगितलं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ज्याला खरोखर धोका आहे, पण जो साठीचा आहे, चष्मेवाला आहे, हात कापतो, त्याने काय करायचं? तो नापास झाला म्हणून त्याला निःशस्त्र करायचं का? मला याचं उत्तर कठोर वाटतं पण द्यायला हवं. हो. कारण ज्याला सात मीटरवरचा कागद लागत नाही त्याच्या गोळ्या शेजाऱ्याच्या दारात जाणार. त्याला धोका खरा असेल तर त्याला पोलीस संरक्षण मागायचा हक्क आहे, लोखंडी सेफ्टी डोअर आहे, कॅमेरा आहे. गोळी हे त्याच्यासाठी उत्तरच नाही, नाक कुठलंही असो.

मित्राच्या वडिलांचा अर्ज अजून घरच्या टेबलावरच आहे. गेल्या शनिवारी मी त्या दोघांना रेंजवर घेऊन गेलो. काकांनी एअर पिस्तूलचे दहा छर्रे मारले, त्यातले चार कागदाला लागले, सहा मागच्या पत्र्यावर वाजले. काकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, पुढच्या शनिवारी किती वाजता यायचं. परतताना मानसरोवर स्टेशनजवळ चहाला थांबलो, तिथे सेफ्टी डोअरवाल्याचा नंबरही घेतला.